खूण मनात पक्की आहे

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ११.

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची सहा जानेवारीला बंद पडली. माझा दोष नाही, पेन संपलं होतं.

नवं पेन, नवी वही, आणि नवं काम. बायकोची गाडी बंद पडली आहे.

बायको गाडी चालवायला शिकवते. स्वतःची शाळा आहे. शाळा म्हणजे एक जुनी गाडी, तिला दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक हिच्या पायाशी, आणि टपावर हिने स्वतः रंगवलेली पाटी. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून घर त्या दोन ब्रेकांवर चालतं, असं सासूबाई म्हणतात. ब्रेकवर काही चालत नसतं, ब्रेकने थांबतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

आज सकाळी पुलाच्या चढावर गाडी तापली. पांढरा धूर. पोस्टातल्या बाई शिकत होत्या, त्यांना वाटलं आपणच नको ते दाबलं. घराच्या शेडपर्यंत ढकलत आणली. बाईंनी स्टिअरिंग धरलं, बायकोने ढकलली, मी गॅलरीतून सूचना दिल्या.

दुपारी ४.

गल्लीच्या टोकाचे मेस्त्री येऊन गेले. त्यांना सगळे मुके मेस्त्री म्हणतात. मुके नाहीत, शब्द जपून वापरतात. बॉनेट उघडलं, ऑइलची काडी काढून बघितली आणि म्हणाले, हेड. म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, सिलिंडर हेड. त्याच्याखालची गॅस्केट फुटली. हेड उतरवायचं, गॅस्केट बदलायची, हेड परत बसवायचं. त्यांच्याकडे रांग आहे. बारा तारखेला घेतो म्हणाले, चार दिवस लागतील.

चोवीस तारखेला लायसन्सची टेस्ट. हिचे चार विद्यार्थी, याच गाडीत. पोस्टातल्या बाई दोनदा नापास झालेल्या. या वेळी लायसन्स मिळालं नाही तर टपालाची गाडी दुसऱ्या कुणाला देणार आहेत. शिवाय चौकात ती मोठी शाळा आहेच, सात गाड्या आणि सगळे पिवळ्या जाकिटात. हिचे विद्यार्थी कधी फुटतात याची वाटच बघत बसलेत.

मी म्हणालो, घरात माणूस असताना आठ दिवस कशाला थांबायचं? बायकोने विचारलं, कोण माणूस? प्रश्न प्रामाणिक होता. मी दाराच्या मागे उभा होतो.

५ फेब्रुवारी. सकाळी ९.

काम मला मिळालं.

सहज नाही मिळालं. बायकोने पंपाचा विषय काढला. मग मिक्सरचा. मग भिंतीवरच्या घड्याळाचा, जे मी दुरुस्त केल्यापासून उलटं फिरतं. मी म्हणालो, उलटं का होईना, फिरतं ना! पण शेवटी हिशोब माझ्या बाजूचा निघाला. मेस्त्री सोळाला गाडी देणार, मी दहाला देणार. म्हणजे चौघांना सरावाचे सहा दिवस जास्त. तिने तीनदा विचारलं, नक्की जमेल ना? तिसऱ्यांदा मी म्हणालो, जमलंच असं समज. मग तिने किल्ली दिली. म्हणाली, पण मेस्त्रींची बारा तारीख तशीच ठेवू.

खरं सांगायचं तर (इथे सांगायला हरकत नाही, वाचतोय कोण?) मला एकदा तिने कुणाला तरी सांगितलेलं ऐकायचं आहे, की हे घरी होते म्हणून झालं. बस. जास्त मागणं नाही.

दुपारी १.

मेस्त्रींकडे जाऊन बारा तारीख रद्द करून आलो. एका कामासाठी दोन ठिकाणी नाव ठेवलं की आपलाच आपल्यावर विश्वास नाही असं दिसतं. बायकोला सावकाश सांगेन, गाडी सुरू झाल्यावर. मेस्त्री हं म्हणाले. निघताना म्हणाले, टायमिंगची खूण कर. लिहून ठेव.

एकतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली. एक कागद हरवला नाही. आणि हा मला सांगतो लिहून ठेव! घरी येईपर्यंत हसू येत होतं.

६ फेब्रुवारी

मॅन्युअल मिळवलं. दुसऱ्या मॉडेलचं आहे, पण एकाच घराण्यातलं. पाने २१२. आज वाचून काढायचं असं ठरवलं. अनुक्रमणिका पूर्ण झाली.

सासूबाई शेडमध्ये खुर्ची टाकून बसल्या आहेत. मटार सोलतात आणि बघतात. जावईबापू, तुम्हाला स्वतःला लायसन्स नाही ना, म्हणाल्या. मी म्हटलं, इंजिन उघडायला लायसन्स लागत नाही. (माझ्या टेस्टच्या वेळी परीक्षकाला घाई होती. खांब तिथे आधीपासून होता हे मान्य, पण इतका पुढे नव्हता.)

संकल्प: रोज सकाळी सहाला शेडमध्ये.

७ फेब्रुवारी. सकाळी १०.३०.

सहा वाजता जाग आली होती. उठणं साडेनऊला झालं, पण जाग सहाचीच धरावी.

आज महत्त्वाचं काम. टायमिंग. प्रकार असा, की इंजिनात खाली एक दातेरी चाक, वर कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, एक दातेरी चाक, मध्ये साखळी. पिस्टन खालून वर येतो तेव्हा वरच्या व्हॉल्व्हने उघडं राहायचं नाही, नाहीतर टक्कर. अरुंद जिन्यासारखं आहे, एक जण वर येत असेल तर दुसऱ्याने उतरायचं नाही. हे कोण ठरवतं? साखळी. म्हणून हेड काढण्याआधी साखळी कुठल्या दातावर बसली आहे ती खूण करायची, आणि तशीच परत बसवायची. एका दाताचा फरक पडला तरी इंजिन ऐकून घेत नाही.

टायमिंग हा माझा विषय आहे. बायको म्हणाली, इंजिनाचं नंतर, आधी बोलण्याचं टायमिंग सांभाळा. परवा पोस्टातल्या बाईंना मी सहज विचारलं होतं, तिसऱ्यांदा नापास झालात तर काय ठरवलंय? बाई रडल्या. आता चौकशी करायची नाही का माणसाने?

दुपारी २.

खूण झाली. रंग घरात नव्हता. बायकोच्या कपाटात लाल नेलपॉलिशची बाटली सापडली, जवळजवळ भरलेली. ती कुठे लावते? शिकवायचा परवाना मिळाला त्या दिवशी लावलं होतं, बस. एक ठिपका साखळीच्या कडीवर, एक वरच्या चाकाच्या दातावर. सुंदर दिसलं. थोडा वेळ बघत बसलो. अशी कामं माणसाला शांत करतात. ऑफिसात माझ्या टेबलावर शाईचा एक डाग नव्हता, साहेब मुद्दाम लोकांना आणून दाखवायचे. आज चहात साखर जास्त होती. सासूबाईंना मी कॅमशाफ्ट समजावून सांगितला, त्यांना झोप लागली.

कितवा दात, कितवी कडी, ते लिहायची गरज वाटत नाही. खूण मनात पक्की आहे.

८ फेब्रुवारी. संध्याकाळी ५.

हेड उतरलं! मी एकट्याने उतरवलं. दहा बोल्ट. आठ नीट निघाले, दोघांनी त्रास दिला. दहा-बारा किलो वजन असेल. छातीशी धरून शेडच्या टेबलापर्यंत नेलं. बायकोने स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं. हसली नाही, पण बघितलं.

साखळी खाली आत पडू नये म्हणून बुटाच्या नाडीने बांधून ठेवली होती. नाडी सुटली, साखळी आत गेली. तारेने ओढून काढली. काही बिघडलं नाही. खूण आहे ना.

९ फेब्रुवारी, रविवार

सफाई. एक लिटर थिनर आणला. हेड, कॅमशाफ्ट, चाक, साखळी, सगळं घासून पुसून चकाचक. असली सफाई त्या मेस्त्रीच्या सात पिढ्यांनी केली नसेल. पिस्टनच्या डोक्यावरचा काळा थरसुद्धा काढला, एकेक पिस्टन फिरवून वर आणून. कॅमशाफ्ट तर हातात घेऊन गोल गोल फिरवला, आरशासारखा दिसत होता.

सासूबाईसुद्धा म्हणाल्या, ते लाल लाल होतं ते गेलं हो सगळं. त्यांच्या तोंडून कौतुक म्हणजे बघा.

१० फेब्रुवारी

आज गाडी द्यायची होती. गॅस्केट दुकानात नाही. परवा येणार. यात मी काय करणार? बायकोने चौघांना फोन केले. आवाज हसरा ठेवून बोलत होती. फोन ठेवल्यावर तो हसरेपणा लगेच गेला, हे मला दिसलं. दिसायला नको होतं.

१२ फेब्रुवारी

गॅस्केट आली. उद्या हेड बसवणार.

चौघांतले दोघं चौकातल्या शाळेत एका तासाचे किती घेतात याची चौकशी करायला गेले होते, असं दूधवाला म्हणाला. बायकोला सांगितलं नाही. तिला ते आधीच माहीत होतं.

१३ फेब्रुवारी. सकाळी ११.

खूण कुठे आहे?

११.२०

साखळीच्या सगळ्या कड्या बघितल्या. भिंग आणलं. चाकाचे सगळे दात बघितले. सगळे सारखे. इतके स्वच्छ आणि इतके सारखे.

११.४५

थिनर. बाटलीवर लिहिलं आहे, सर्व प्रकारचे रंग काढण्यासाठी. नेलपॉलिश हा रंग आहे का? आहे असं दिसतं.

१२.१०

घाबरायचं कारण नाही. एकतीस वर्षांची सवय आहे. मी कधीच काही लिहिल्याशिवाय सोडत नाही. सात तारखेची नोंद काढतो.

१२.१५

सात तारखेची नोंद वाचली. पुन्हा वाचली. साहेब आहेत. शाईचा डाग आहे. चहातली साखर आहे.

खूण मनात पक्की आहे, असं लिहिलं आहे.

मनात बघितलं. मनात लाल रंग आहे. कितवा दात ते नाही.

१४ फेब्रुवारी. दुपारी १.

जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, एकाग्रता.

दुपारी ३.

बायको मेस्त्रींकडे जाऊन आली. म्हणजे मला न विचारता गेली. बारा तारीख होऊन गेली, मेस्त्री आले कसे नाहीत, म्हणून. मेस्त्री म्हणाले, पाच तारखेलाच रद्द झालं. आता मोकळे होणार तीन मार्चला.

ती शेडच्या दारात उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती एवढंच म्हणाली, तुम्ही मला सांगायला हवं होतं. आणि आत गेली. तयार ठेवलेलं एकही उत्तर त्याला लागू पडत नव्हतं.

१५ फेब्रुवारी

सासूबाईंनी आज म्हण ऐकवली: हात दाखवून अवलक्षण. मटार संपले आहेत तरी खुर्ची हलवत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.

सापडलं! देव आहे!

मॅन्युअलच्या पान ११८ वर तळटीप: चाकावर कंपनीचा कोरलेला ठिपका असतो, तो हेडच्या कडेशी जुळवावा. म्हणजे नेलपॉलिशची मुळात गरजच नव्हती! चौदा दिवस मी विनाकारण स्वतःला दोष देत होतो (म्हणजे तीन).

चाक उजेडात धरलं. ठिपके दोन निघाले. एक मोठा, उथळ, एका दाताच्या बुडाशी, जरा वेडावाकडा. दुसरा लहान, खोल, गोल, रेखीव, आकड्यांच्या रांगेच्या शेवटी. कंपनी वेडावाकडा ठिपका कशाला देईल? रेखीव तोच खरा. अशा वेळी अनुभव उपयोगी पडतो.

संध्याकाळी ५. रेखीव ठिपका कडेशी जुळवून साखळी चढवली. हेड बसवलं. दहा बोल्ट. एक उरला होता, तो दुसऱ्या कशाचा तरी होता.

बायकोला सांगितलं, मंगळवारी सकाळी सगळ्यांना बोलव. तिने विचारलं, मंगळवारी का, उद्या का नाही? मी म्हणालो, एक दिवस राखून ठेवावा. तिने चौघांना फोन केले. या वेळी आवाज खरंच हसरा होता. मी पाठ करून उभा होतो तरी कळलं.

१७ फेब्रुवारी. दुपारी १२.

मॅन्युअल म्हणतं, सुरू करण्याआधी पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबा.

अर्ध्या फेऱ्यावर अडलं.

ही गॅस्केटची करामत. नवी गॅस्केट, त्यामुळे कम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, दमदार. जुन्या गॅस्केटला असं कुठे अडायचं? पान्याला पंपाच्या पाइपचा तुकडा जोडला (पंपाचं काहीतरी चीज झालं) आणि दोन्ही हातांनी जोर लावला. कट् असा आवाज आला. मग मोकळं फिरलं. इंजिनाने हार मानली.

सासूबाईंनी विचारलं, काय मोडलं? मी म्हणालो, अडथळा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ९.

सगळे आले आहेत. पोस्टातल्या बाई रजा टाकून आल्या. बायकोने पाटी पुसली. नवा शर्ट घातला आहे मी. चार ओळींचं भाषणही तयार आहे, पण विचारलं तरच.

सकाळी ११.

बायकोने किल्ली फिरवली. टक् टक् टक्. पुन्हा फिरवली. मोठ्या डब्यात चमचे हलवावेत तसा आवाज आला. तिसऱ्यांदा फिरवली आणि तिने स्वतःच थांबवलं. किल्ली काढून घेतली. किल्ली हातात धरून स्टिअरिंगकडे बघत बसली.

पोस्टातल्या बाई पर्स उघडत होत्या, बंद करत होत्या. मी म्हणालो, बॅटरी असेल. माझं मलाच ऐकवेना.

१९ फेब्रुवारी. दुपारी ४.

मेस्त्री आले. रांग सोडून आले, बायको स्वतः जाऊन बोलावून आली म्हणून. हेड उतरवलं, पाऊण तासात. मला दोन दिवस लागले होते. उलटं करून उजेडात धरलं आणि म्हणाले, वाकले. आठांतले सहा व्हॉल्व्ह.

मग त्यांनी विचारलं, कुठल्या ठिपक्यावर बसवलं? मी दाखवला. मेस्त्रींनी चष्मा लावला. बायकोने विचारलं, काय आहे तो? मेस्त्री आयुष्यात पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, हा पार्टचा नंबर कोरलाय, आणि हा त्याच्यापुढचा पूर्णविराम आहे.

मी इंजिनाचं टायमिंग पूर्णविरामावर बसवलं होतं.

मेस्त्रींनी विचारलं, खूण लिहिली नव्हती? माझ्या तोंडून निघून गेलं, लिहिली आहे, वहीत. सवय. बायको आत गेली आणि वही घेऊन आली. ही वही. शेडच्या दारात उभं राहून वाचायला लागली. मी पुढे झालो, पण हात तेलाचे होते आणि वही स्वच्छ होती. ती वाचत राहिली. पानं उलटत होती, मागे जात होती. कुठपर्यंत मागे गेली माहीत नाही. मग तिने वही मिटून माझ्या टेबलावर ठेवली, अगदी कडेला कड लावून, मी ठेवतो तशी. आणि मेस्त्रींना म्हणाली, यात खूण नाही.

२० फेब्रुवारी

बायको चौकातल्या शाळेत जाऊन आली. त्यांनी चोवीस तारखेसाठी गाडी दिली. अट अशी की सहा महिने हिने त्यांच्याकडे शिकवायचं. त्यांच्या गाडीत, त्यांच्या जाकिटात. आणि तोवर स्वतःची पाटी लावायची नाही.

मी म्हणालो, एवढं कशाला, दुसरा काही मार्ग निघाला असता. बायको म्हणाली, सांगा. मी ऐकते.

पाच मिनिटं ती खरंच थांबली होती.

२४ फेब्रुवारी. संध्याकाळी ६.

पोस्टातल्या बाई पास! आणखी दोघं पास. एक जण नापास, पण तो कुठल्याही गाडीत झाला असता. बाई घरी आल्या होत्या. बायकोच्या गळ्यात पडून रडल्या. मला म्हणाल्या, तुम्ही विचारलं होतंत ना, तिसऱ्यांदा नापास झाले तर काय. तेवढं मनात धरून चालवली. म्हणजे माझाही वाटा आहे.

म्हणजे एकूण बघितलं तर नुकसान काय झालं? बाईंना गाडी मिळाली. बायकोला काम आहे. तसं बघितलं तर काहीच

बायको पिवळं जाकीट काढून खुंटीला लावत होती. खांद्यांना मोठं होतं, बाह्या दुमडल्या होत्या. नाव दुसऱ्याचं होतं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या बोलत नाहीत तेव्हा काहीतरी फार वाईट झालेलं असतं.

शेडमध्ये गेलो. पाटी गाडीच्या टपावरून काढून भिंतीला टेकवली आहे, अक्षरं भिंतीकडे करून. मी सरळ केली. थोडा वेळ बघितली. अक्षरं अजून छान आहेत, एका ठिकाणी रंग ओघळला आहे तेवढाच. परत उलटी केली. मला वाईट वाटतं आहे. साधं वाईट वाटतं आहे, दुसरा शब्द नाही.

१ मार्च

सकाळी साडेसहाला ती निघते. मी खिडकीतून बघतो. चौकातल्या शाळेची गाडी आपल्याच गल्लीतून जाते. आज गल्लीच्या तोंडाशी सिग्नलला थांबली होती. शेजारी कुणी मुलगी शिकत होती. बायकोने वर बघितलं नाही. शिकवताना फक्त रस्त्याकडे बघायचं, हे ती सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते. मलाही सांगितलं होतं.

३ मार्च

मेस्त्री आले. व्हॉल्व्ह नवे बसवून आणायचे, मग शेडमध्येच जोडणी. संकल्प: या वेळी बाजूला उभं राहून शिकायचं. मध्ये बोलायचं नाही. एकदाच बोललो, थिनरबद्दल. मेस्त्रींनी बाटली उचलून बाहेर नेऊन ठेवली.

बायको हल्ली संध्याकाळी मेस्त्रींच्या गॅरेजात अर्धा तास थांबते. हेडचं काम कसं करतात ते बघते, असं सासूबाई म्हणाल्या. तिला कशाला लागतंय? मी आहे ना घरी.

९ मार्च, रविवार. सकाळी १०.

आज हेड बसणार. बायकोला सुट्टी आहे. मी जातीने हजर राहणार. नवी खूण या वेळी माझ्यासमोर होईल आणि दात, कडी, सगळं इथे लिहिलं जाईल. पेनाला नवी कांडी घातली आहे. मेस्त्री दोनला येणार. तोवर जरा पाठ टेकतो. महत्त्वाच्या कामाआधी डोकं थंड लागतं.

९ मार्च. दुपारी ३.४०.

वरच्या चाकाचा कंपनीचा ठिपका म्हणजे मोठा, उथळ, दाताच्या बुडाशी असलेला. तो हेडच्या कडेशी सरळ.

खालच्या चाकाचा ठिपका अगदी खाली.

दोन्हींच्या मध्ये, ताणलेल्या बाजूला, साखळीच्या बावीस कड्या. मी मोजल्या, मेस्त्रींनी मोजल्या, आईने मोजल्या.

खुणेचा दात आणि खुणेची कडी, दोन्हींवर पंचने खळगा मारून ठेवला आहे. पुसला जात नाही.

हाताने दोन फेरे फिरवले. अडलं नाही.

गाडी सुरू झाली. आवाज चांगला आहे.

तुम्हाला दोनदा हाक मारली. झोपला होतात.

संध्याकाळी ६.

वरची नोंद माझ्या अक्षरातली नाही. उठल्यावर वही उघडली तर लिहिलेली होती. नोंद म्हणून चांगली आहे. कोणालाही वाचून काम करता येईल. रेकॉर्ड विभागात मी कुणाला अशी नोंद करायला शिकवू शकलो नाही.

गाडी शेडमध्ये आहे. बॉनेटवर हात ठेवून बघितलं, अजून कोमट आहे. पाटी तशीच भिंतीकडे तोंड करून आहे. पाच महिने आणि वर काही दिवस राहिलेत.

झोप लागली होती, हे खरं आहे. दुपारचं जेवण जड झालं होतं, शिवाय सकाळी लवकर उठलो होतो आणि

मेस्त्री म्हणाले होते, लिहून ठेव.

झोपलो नव्हतो. दोन्ही हाका ऐकल्या.